सोपं, बरं, जड

१२ जानेवारी, सोमवार

श्री. दिवा लावून जपाला बसलो तर पडवीतून पुरुषाचा आवाज. "छान, सुलभा. पाठ सरळ. अजून दोन." माळ हातात तशीच राहिली. बाहेर येऊन बघतो तर सौ. पदर खोचून उभी. दोन्ही हातांत तेलाच्या रिकाम्या बाटल्या, पाच-पाच लिटरच्या, पाण्याने भरलेल्या. भिंतीला टेकवून मोबाईल. बोलत होता तो.

दिवाळीला दीपू ठाण्याहून आली तेव्हा आईच्या मोबाईलात व्यायाम सांगणारं ते ॲप घालून गेली. डॉक्टर म्हणाले होते, हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, वजनं उचला. लेकीने लगेच मनावर घेतलं. मला वाटलं चार दिवसांचं खूळ. अडीच महिने होत आले. मी सकाळच्या एस.टी.ने निघायचो, म्हणून आवाज कानावर पडला नव्हता. आता पाळी बदलली, तर रोज ऐकणं आलं.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. अगो म्हणतो, ऐकलंस काय म्हणतो. हा मेला कोण.

उजवा खांदा तसाच.

१५ जानेवारी

आज नीट बसून बघितलं. व्यायाम संपला की पडद्यावर तीन चौकोन येतात. सोपं, बरं, जड. आपण जे दाबू त्यावरून तो पुढच्या दिवसाचं ठरवतो. दीपूने त्याला घरातली वजनं सांगून ठेवलीत. बाटल्या, दहा किलो तांदळाची पिशवी, कळशी, पायरीचा उरलेला अर्धा चिरा. तो म्हणतो, "आज कळशी घेऊ या, सुलभा." जशी काय त्याच्या घरची कळशी.

तिचा डावा गुडघा उतरताना दुखतो हे त्याला ठाऊक आहे. बैठका कमी सांगतो. मला ठाऊक नव्हतं.

"गुडघा कधीपासून?"

"पाचेक वर्षं होतील."

"बोलली नाहीस."

"त्याने विचारलं."

एवढंच म्हणाली आणि गोठ्यात गेली.

१८ जानेवारी, रविवार

चंदू आला होता. चुलतभाऊ. शिमग्यात देवीआईच्या पालखीच्या पुढच्या दांड्याला माझ्या डाव्या अंगाला तोच असतो. निरोप आणला. यंदा होळीपासूनच्या तिसऱ्या दिवशी सहाणेच्या चौथऱ्यापासून देवळापर्यंत पालखी बायका नाचवणार, हे गावकीत नक्की झालं. चार-चार जणींच्या दोन तुकड्या. पहिल्या तुकडीत पुढच्या दांड्याला आमची सौ. आणि चंदूची सरिता.

चंदू ओट्यावर बसून चहा पीत होता. सौ. पाण्याचा हंडा घेऊन आली, एका हाताने उतरवला.

"दादा, वैनीचा दंड बघितलास काय? यंदा तू आईची ओटी भर, वैनी नाचवील!"

सगळी हसली. सौ. पण. मीही हसलो.

नंतर परड्यात जाऊन उगाच केळीची सुकी पानं काढत राहिलो. आई, पुढच्या दांड्याला मी बावीस वर्षं आहे. पडवीतल्या अर्ध्या चिऱ्यावर तिला तू तेवढं देणार?

२१ जानेवारी

दुपारी एक खुळेपणा केला. ती माजघरात तांदळाची पिशवी घेऊन वर-खाली करत होती, मोबाईल ओटीवर. मी ओटीवरूनच हाक मारली. "सुलभा." तोंडातून बाहेर पडताना जीभ अडखळली.

आतून उत्तर, "हो हो, ठेवते खाली."

तिला वाटलं तो.

 चपला घातल्या आणि एस.टी. धरली.

२५ जानेवारी, रविवार

एकदाच लिहितो. दोन वेळा हात मागे घेतला.

मिरकरवाड्याच्या बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या ओढण्यात माझा खांदा गेला. तीस वर्षं आकडा लावून ओढल्या, खांद्याने रेटल्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, आतली शीर झिजली, वजन बंद. शेटने मला कॉम्प्रेसरकडे बसवलं. गावात मी कोणाला बोललो नाही. गावात माझी ओळख म्हणजे पुढचा दांडा.

गेल्या शिमग्यात पाराजवळ वळताना दांडा माझ्या खांद्यावर आला आणि आत काहीतरी चर्र झालं. पालखी माझ्या बाजूने खाली गेली. चांदीची रूपं, आईचे मुखवटे, हलली. ढोल थांबले. सगळा गाव माझ्याकडे बघतोय. आणि माझ्या तोंडून निघालं, "आई जड झाली!"

आई जड झाली म्हणजे तिच्या मनात काही आहे, ती पुढे यायला तयार नाही. वाडवडलांपासून असंच मानतात. बाळकाका गुरव तिथेच गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "होय महाराजा" म्हणणाऱ्यांत मीही होतो. मग देवळात कौल लावला. कळ्या लावून एकेक विचारत गेले. मान चुकला का? नाही. नवस राहिला का? नाही. तेव्हा मागून जनाकाकू ओरडली, "विचारा की मग, लेकीसुनांचा खांदा हवा काय तिला!" निम्मी थट्टाच होती. बाळकाकांनी विचारलं. उजवी कळी पडली, होकाराची.

म्हणजे सौ.ला जे मिळालं ते माझ्या खोटेपणातून. आणि जळतोय मीच.

२९ जानेवारी

जया एकादशी. उपास.

व्यायाम झाल्यावर ती तशीच गोठ्यात जाते, गाय ओरडत असते. मोबाईल पडवीत, पडद्यावर तीन चौकोन उघडे. मी एकटाच होतो. 'जड' दाबलं.

माझं बोट बर्फाने घट्टे पडलेलं, पहिल्यांदा लागलंच नाही. दुसऱ्यांदा दाबावं लागलं. दोन वेळा. म्हणजे चुकून झालं असं म्हणता येणार नाही.

मग राजगिऱ्याचा लाडू खाल्ला.

३१ जानेवारी

"आज थोडं हलकं घेऊ या, सुलभा. कळशी अर्धीच भर."

ती गोंधळली. कळशीकडे बघत राहिली, मग अर्धं पाणी तुळशीत ओतलं. मी पेपर वाचत होतो.

बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं. ती गोठ्यात गेल्यावर परत दाबलं.

३ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा.

तो तिला पुन्हा बाटल्यांवर आणतोय. ती दीपूशी फोनवर, "अगो, मी दाबायच्या आधीच चौकोन जातात. आणि हा मला उतरवतच चाललाय. मी म्हातारी झाले असं ठरवलंन की काय त्याने?" दीपू हसत होती. "आई, तो तू सांगतेस तेवढंच ऐकतो."

खांदा रात्रभर ठणकला. जपात लक्ष नाही. मणी ओढतो आणि मोजणी चुकते.

८ फेब्रुवारी, रविवार

देवळापुढे बायकांचा सराव. जुन्या पालखीचा दांडा आणि मधे बांधलेले चार चिरे. पुरुषांना लांब उभं राहायला सांगितलं होतं, पण सगळे कठड्यावर.

पहिला फेरा बरा. दुसऱ्या फेऱ्यात सौ.चा पाय लटपटला. सरिता सांभाळत होती. सौ. सावरली, पुन्हा लटपटली. दांडा खाली ठेवावा लागला. सराव घेणारी जनाकाकू कमरेवर हात ठेवून, "सुलभे, तू मागच्या जोडीत जा गो. पुढं ताकद हवी." तिच्या तोंडून कोणीच सुटत नाही.

सौ. बाजूला सरकली. मागे जाऊन उभी राहिली. पदर दोनदा खोचला, सुटला नव्हता तरी.

चंदू माझ्या कानाशी, "वैनीला काय झालं रे? गेल्या महिन्यात तर हंडा एका हाताने उचलायची."

घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती. दरवेळी मागे चालते.

मला जे हवं होतं ते झालं. ताटातला भात गाईपुढे ठेवला.

१२ फेब्रुवारी

केलेलं निस्तरावं म्हणून 'सोपं' दाबलं. काल आणि आज. मनात म्हटलं, तीन वेळा खाली आणली, आता दोन-तीन वेळा वर नेली की फिट्टंफाट.

त्याला काय कळतंय, तराजूचा काटाच तो. पण काटा खोटा केला कोणी.

१४ फेब्रुवारी

"कमाल, सुलभा! आज थेट अर्धा चिरा."

तिचा चेहरा उजळला. गेल्या आठवड्यापासून पहिल्यांदा. मी म्हणणार होतो, थांब. काय कारण सांगणार? ती वाकली, चिरा उचलला, दुसऱ्यांदा उचलला, तिसऱ्यांदा कंबरेत उसण भरली. चिरा हातातून सुटून पायाच्या बोटापासून चार अंगुळं लांब पडला.

मोबाईल म्हणत होता, "अजून दोन."

मी त्याला उचलून पालथा घातला.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. ती चटईवर सरळ पडून. मी भाकऱ्या टाकल्या, जाड झाल्या. कंबरेला तेल चोळलं, वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं.

"झोपून राहा दोन दिवस," म्हटलं.

"गाय?"

"मी बघतो."

उठायला लागली. तेवढ्यात मोबाईल वाजला. "सुलभा, आज विश्रांती." परत पडली.

देवळात गेलो. बेल वाहिला. आईच्या बाजूच्या गाभाऱ्याकडे मात्र बघवलं नाही. लहानपणी शाळा त्याच देवळाच्या ओवरीत भरायची. गुरुजी म्हणायचे, खोटं बोललात तर आई बघतेय. आम्ही मागे वळून खात्री करायचो, खरंच बघतेय का. तसंच केलं आज. या वयात.

२२ फेब्रुवारी, रविवार

सापडलो.

ती आता उठून बसते, हिंडते. दीपूने तिला फोनवर शिकवलं, मागच्या नोंदी कशा बघायच्या. मी दाढी करत होतो. ती शेजारी येऊन उभी राहिली, मोबाईल आरशासमोर धरला.

"ही बघा. २९ तारीख. जड. सहा चाळीस."

मी वस्तरा खाली ठेवला.

"सहा चाळीसला मी गोठ्यात असते. ३१ला परत जड. सहा बेचाळीस. घरात माणसं किती?"

"दोन."

"गाय काही दाबत नसेल."

मी मान खाली घातली. साबण गालावर सुकत होता. वाटलं रडेल, ओरडेल. ती ओट्यावर बसली आणि तिने शेंगा सोलायला घेतल्या.

"गेल्या वर्षी पाराजवळ जड कोण झालं होतं, तेही मला माहीत आहे. रोज तेल मी चोळते. खांद्याला हात लावला की तुम्ही कसे आखडता ते मला कळत नाही होय?"

वर्षभर ठाऊक होतं तिला. वर्षभर ती 'होय महाराजा' म्हणणाऱ्या नवऱ्याला जेवायला वाढत होती.

मी म्हटलं, आजच बाळकाकांकडे जातो, सगळं सांगतो.

"आज?" शेंग हातात तशीच. "आज सांगाल तर कौल फिरवतील. बायकांचा खांदा जाईल. सहा चाळीसला जे केलंत तेच परत कराल, फक्त देवासमोर. खरं बोलल्याचं पुण्य तुम्हाला, आणि दांडा आमच्या हातून गेला."

मी गालावरचा साबण पुसला. तिचं खोटं नव्हतं. कारण जातो म्हणताना आत कुठेतरी खरंच एक गार झुळूक आली होती.

२४ फेब्रुवारी

तिने मोबाईलला कुलूप घातलं. चार आकडे. मग ते आकडे मला सांगितले.

"आता दाबा," म्हणाली.

हात लावला नाही. लावणार नाही.

१ मार्च, रविवार

शेवटचा सराव. चार दिवस तिने बाटल्यांपासून परत चढत नेलं. रोज स्वतः दाबते, मला दिसेल असं धरून. बरं. बरं. जड. बरं. तो तिच्याशी नीट वागतोय परत.

देवळापुढे जनाकाकूला म्हणाली, "काकू, एक फेरा पुढं देऊन बघ." काकू म्हणाली, "कंबर?" "कंबर माझी आहे." बायका फिसकन हसल्या. एक फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला काकूच म्हणाली, "बस गो बाय, चिरे पडतील."

पुढच्या दांड्याला परत तीच, सरितेच्या शेजारी.

कठड्यावर बसून मी बघत होतो. अभिमान वाटला म्हणून लिहिलं तर अर्धंच लिहिलं असं होईल. तिचे पाय जमिनीवर पडत होते तसे माझे पडायचे. तसेच. चाल माझी होती.

३ मार्च

होळी. आई सहाणेवर बसली. दुपारी पुरुषांची पाळी.

चंदूने हाक मारली, "दादा, ये." ढोल सुरू झालेले. मी पुढे गेलो, दांड्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हटलं, "खांदा दुखतो. यंदा नाही. प्रकाशला घे."

पहिल्यांदा तोंडाने म्हटलं चारचौघांत.

चंदूने माझ्याकडे बघितलं. "खांदा? कधीपासून?" मग दांड्यावरून हात काढला. "मग गेल्या वर्षी..." आणि पुढे बोलला नाही. ढोलांनी वाचवलं. की नाहीच वाचवलं.

गर्दीत मागे उभा राहून बघितलं. बावीस वर्षं आई माझ्या कानाशी होती, एवढी जवळ की रूपं कधी धड दिसली नाहीत. आज पहिल्यांदा समोरून दिसली. डोळे मोठे आहेत तिचे.

५ मार्च, गुरुवार

बायकांची पाळी. अख्खा गाव, मुंबईकर चाकरमानी, पूर्णगडच्या पाहुण्या, सगळे. प्रत्येकाचा मोबाईल वर.

सौ.ने हिरवी साडी काष्ट्याने नेसली होती. दांडा उचलण्याआधी हात जोडले, माझ्याकडे बघितलं नाही. उचलली. ढोल. बायकांनी अशी आरोळी दिली की पारावरचे कावळे उडाले. पालखी नाचली. काय नाचली.

पाराजवळच्या वळणावर, त्याच वळणावर, सरितेचा पाय गुलालात घसरला. सगळा भार सौ.कडे आला. पालखी तिच्या बाजूने खाली जायला लागली, रूपं हलली. मी बघत होतो. तिचा चेहरा माझा होता, गेल्या वर्षीचा.

आणि माझ्या तोंडून निघालं, एवढ्या मोठ्याने की ढोलाच्या वर गेलं, "सुलभा! पाठ सरळ!"

पाठ सरळ झाली. गुडघे लवले, मग ताठ. पालखी वर आली. सरितेने पाय रोवला. फेरा पुरा झाला, पालखी देवळात गेली.

चंदू माझ्याकडे बघून पोट धरून हसत होता. "दादा! नावाने!" म्हातारे बघत होते. मला लाज वाटली नाही.

बाळकाका देवळाच्या पायरीवर उभे राहून, डोळ्यांत पाणी, "बघितलंत? जड झालेली आई लेकीसुनांच्या खांद्यावर फुलासारखी हलकी झाली!" सगळा गाव, "होय महाराजा." बायकासुद्धा.

सौ. म्हणाली की नाही ते दिसलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी तिच्या खांद्याला तेल चोळलं. उजवा खांदा, दांडा बसतो तिथे, जांभळा झालाय. हात लावला तर आखडली. अगदी माझ्यासारखी.

"हलकी कसली," म्हणाली. "जीव जायची वेळ आली होती. आई होती तेवढीच होती. गेल्या वर्षीही तेवढीच असणार." मग, "चार महिने पडवीत मरमर केली, आणि हे म्हणतात फुलासारखी."

"हाक ऐकलीस?"

"ऐकली. आधी वाटलं, तो. मग आठवलं, मोबाईल तर घरी ठेवलाय."

 तेल लावून झाल्यावरही उठली नाही.

रविवारी सकाळी गावकी. बायकांची पाळी कायमची करायची का, हा विषय. चंदू सांगून गेला. जाताना दारात थांबला. "दादा, तू बोलणार आहेस काय काही?" मी म्हटलं, बघू. चुलीकडे सौ.चा भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

तो गेल्यावर म्हणाली, "पालखी देवळात गेली. आता मी अडवणार नाही. पण सांगाल तर दोन्ही सांगा. जड झाली नव्हती तेही, आणि हलकी झाली नाही तेही."

एकच सांगणं मला सोपं गेलं असतं. पहिलं सांगितलं तर मी खोटा. दुसरं सांगितलं तर बाळकाका खोटे, आणि गावाचा कालचा आनंद. आणि तिच्या खांद्याचा जांभळा डाग खरा, तो दाखवल्याशिवाय कोणाला पटणार नाही, आणि तो ती दाखवणार नाही.

मग तिने मोबाईल माझ्या हातात दिला. कालची नोंद बाकी होती. 'कसं वाटलं?' खाली तीन चौकोन.

"तुम्ही बघत होतात. दाबा."

"मी?"

"खरं काय ते दाबा."

'जड' दाबलं. एकदाच, लागलं.

तो म्हणाला, "पुढच्या वेळी वजन कमी करू का, सुलभा?"

मी तिच्याकडे बघितलं. ती पदराने खांदा झाकत होती.

"नको म्हणा त्याला," म्हणाली. "आहे तेवढंच राहू दे."

'नको' दाबलं. परवा गावकी, सकाळी दहाला. मी दरवर्षी पुढच्या रांगेत बसतो. खांदा दुखतोय.